उत्तर बाजू, दोनशे अठरा

किल्ल्यात शिरताना बूट काढून पिशवीत घ्यायचे.
पिशवी हातात, जिना शिडीसारखा उभा,
आणि पुढे चढणाऱ्या शाळकरी पोराच्या मोज्याला
टाचेवर भोक.
चार मजले मी तेवढंच बघत चढलो.

वरून बाग दिसली. तळं कोरडं.
भूकंपात तळाला चीर गेली,
मासे तेव्हापासून शाळेच्या हौदात,
पोरं पाळीपाळीनं खाऊ घालतात,
असं फुसाए मिसुमी म्हणाल्या.
वय एक्याऐंशी, गळ्यात मार्गदर्शकाची पट्टी,
छत्री काठीसारखी टेकत.

खाली ओकिता माळी पाइनच्या फांद्यांना दोर बांधत होता,
येणारं बर्फ पेलावं म्हणून.
दोर ताणायचा, कान दिल्यासारखा थांबायचा,
पुन्हा जरा सैल सोडायचा.
"घट्ट बांधला तर दोरच फांदी मोडतो."
एवढंच बोलला, तेही फांदीकडे बघून.

बागेपलीकडे, एरवी गाड्या लागायच्या तिथं,
ढासळलेल्या तटाचे दगड.
हजारो. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा.
तट उभा होता तेव्हा दिसायचं ते नुसतं तोंड;
मागची दीड हात शेपूट
अंधारात रुतलेली, बांधणाऱ्यांनंतर कुणी न पाहिलेली.
आता उन्हात उघडी.
दगड अवघडून पडलेत,
तपासणीला सदरा काढून बसवलेल्या म्हाताऱ्यांसारखे.

कुठला कुठं होता हे ठरवायला
गावाकडून फोटो मागवले होते.
लग्नाचे, बारशाचे, कसलेही,
मागे तट आलेला असला की झालं.
बाईंनी एक दिला:
आठवीची सहल, एक बूट ओला, तोंड फुगलेलं.
बहिणीनं, नोबुएनं, तळ्यात ढकललं होतं
आणि वर फोटोही तिनंच काढला.

"भिंग लावून बसले सगळे," त्या म्हणाल्या,
"माझ्याकडे कुणी बघेना.
सगळ्यांचं लक्ष खांद्यामागे.
एक जण तर म्हणाला,
जरा बाजूला उभ्या राहिला असतात तर!"

हसल्या. मग हसू नुसतंच
चेहऱ्यावर राहिलं थोडा वेळ.

उत्तर बाजू, दोनशे अठरा.
कुंपणाच्या जाळीतून दाखवला.
कोपरा उडालेला, अंगावर शेवाळाचा वाळका डाग,
मला तरी शेजारच्यासारखाच दिसला.
तट पुरा व्हायला अजून वीस वर्षं, कागदावर.

"नोबुएला जाऊन नऊ झाली.
बोलत नव्हतो आम्ही. बुटावरून नाही हो,
पुढं दुसरंच काही झालं.
पण दगड सापडला तो तिच्यामुळं."

छत्री जाळीतून आत घातली त्यांनी, दगडाच्या दिशेनं.
वीतभर कमी पडली.

पावणेचारला पुढचा गट यायचा होता.
पट्टी सरळ करून त्या फाटकाकडे गेल्या, न वळता.
मी तिथंच.
बुटांची रिकामी पिशवी
अजून हातातच होती माझ्या.