डिस्कवर उरलेलं

सिनेमा संपला तरी नाना उठले नाहीत.
डिस्कवर अजून होतं थोडं:
कापून टाकलेला पूर, पेन्सिलीतली मगर,
आणि मी, खुर्चीत अवघडून सांगतेय
की विश्वामित्रीच्या पुलावर
तीन उन्हाळे बसून तिची चाल टिपली.

खोटं नाही. पण अर्धंच.

रेघांवर अजून कातडी चढली नव्हती,
त्यामुळे लपत नव्हतं काही:
डावा पाय आधी थबकतो,
मग मागून ओढला जातो,
जसा दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यावर
रोज सव्वासहाला ऐकू यायचा.

"फरीथी लाव," नाना म्हणाले.
लावलं. दोनदा.

मग चहा टाकायला उठले,
आणि ओट्यापर्यंत
पाय
उचलून उचलून
टाकत गेले.