मरायची नाही

मुंढव्याच्या पुलाखाली, अलीकडच्या काठाला,
रविवारी सकाळी सात वाजता आम्ही नऊ जण.
चार कोयते, दोन टिकाव, एक पहार
आणि खताच्या रिकाम्या गोणी.
तेजल घुले कॉलेजात झाडांचं शिकवते,
ती सगळ्यांना बजावते :
ओढू नका. ओढली की वरची तुटते,
खालची हसते.

समोर वाळुंज आहे. म्हणजे असावा.
गुलाबी फुलांचा ढीग उभा आहे, दोन पुरुष उंच,
आणि त्यातून एकच फांदी बाहेर,
मांडवात जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखी
नदीकडे तोंड करून.

कुणी फोटो काढतं. दिसते छानच.
मी काही बोलत नाही.
ती मला ओळखते.

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या नर्सरीत
काळ्या पिशवीत, पाच रुपयाला एक,
दोन घेतल्या तर नऊ.
ह्यांनी पत्र्याच्या पाटीवर लाल रंगानं लिहिलं होतं :
राणीहार.
पाणी नको. खत नको. कीड नाही.
मरायची नाही, गॅरंटी.

काय खपली!
कोरेगाव पार्कातल्या मेहेरबाई
गेटावर कमान करायची म्हणून सहा घेऊन गेल्या.
घोरपडीच्या एका सुभेदारांना
शेजाऱ्याची टाकी दिसू नये एवढंच हवं होतं.
टाकी झाकली. पुढल्या साली शेजारी झाकला.
तक्रार घेऊन कुणीच आलं नाही.
छाटलेलं मात्र सगळ्यांनी टाकलं
जिथं आपण सगळंच टाकतो तिथं,
आणि नदी कधी नाही म्हणाली नाही.
धरणातून पाणी सोडलं की बी तरंगत निघतं,
तपकिरी, तीन धारांचं,
काठ दिसेल तिथं उतरतं.

गुडघ्याएवढ्या उंचीवर कापायचं.
वरचं झाडावरच वाळू द्यायचं.
मग मांडी घालून बसायचं आणि उकरायचं.
रताळ्यासारखे गड्डे लागतात, एकाला एक जोडलेले,
बोटाएवढा, मुठीएवढा, मग एकदम नारळाएवढा.
इरफान दर वेळी म्हणतो, हा शेवटचा.
मी म्हणते, डावीकडे बघ, मुळाच्या पलीकडे.
असतोच.

साडेआठला ऊन काठावर आलं, मधमाश्या आल्या.
कापून टाकलेल्या फुलांवरही बसल्या,
एकेक घोस तपासत,
दुकान बंद झाल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.
तेजल हातातला कोयता तसाच धरून
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, इथं पुन्हा करंज लावू आपण.
माश्यांना नाही, आम्हाला म्हणाली.

दहाच्या सुमाराला वाळुंजाचं खोड दिसलं.
ओलसर, काळपट, वेलीच्या वळांनी करकोचलेलं.
मी हात ठेवला.
मावशी, तुम्हाला हिचं इतकं कसं कळतं?
म्हटलं, धंदा होता.
ती हसली. मीही हसले.
हे सांगणं नव्हे, मला कळतं.

अकरा गोणी भरल्या. नदीत नाही, कचऱ्यात नाही,
माझ्याच अंगणात ठेवल्या,
काळ्या प्लास्टिकखाली, भर उन्हात,
सुकून भुसा होईपर्यंत.
रिकाम्या नर्सरीत जागेला काय तोटा.

तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक उचललं
तर एका गोणीच्या विणीतून
दोन पानं बाहेर, फिक्की, पानाच्या विड्याएवढीही नाहीत,
उजेड कुठं आहे ते नेमकं माहीत असलेली.
ह्यांची पाटी हल्ली पाण्याच्या पिंपावर झाकण आहे.
लाल रंग उडालाय. शेवटची ओळ तेवढी वाचता येते.
म्हटलं, अहो,
एवढ्या वर्षांत तुमची एक गॅरंटी खरी निघाली.

मग कोंब खुडला, गोणी उलटी केली,
चाकूनं गड्ड्याचे चार तुकडे केले,
तुकड्यांचे आणखी तुकडे, आणि पत्र्यावर पसरले,
बरोबर त्या अक्षरांवर,
तिथं ऊन जास्त लागतं म्हणून.

उद्या रविवार.
उंबराच्या मागची बाजू
आम्ही अजून बघितलेलीच नाही.