पट्टी नसलेले तीन महिने

पुन्हा आली ती मुलगी, पाच वर्षांनी.
फाईल तीच, चष्मा तेवढा नवा.
पडवीत बसली, तांब्याभर पाणी प्यायली
आणि विचारलंन,
"काका, एकंदर आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?
दहापैकी सांगायचं."

प्रश्न जुनाच.
बासष्टाव्या वर्षी एक मुलगा आला होता, घामाघूम.
शेवंती आतून ओरडली होती,
"सात सांगा, नि त्याला जेवायला थांबवा."
मी सात सांगितले. तो जेवला.
सदुसष्टाव्या वर्षी ही आली,
शेवंतीला जाऊन चार महिने झालेले.
मी म्हटलं, दोन.
ते दोन हिनं इतके हळू लिहिले,
जसा काही कागद दुखरा होता.
बाहत्तरला काय सांगितलं, आठवत नाही. पाच असतील.

आता सत्त्याहत्तर.
गुडघे गेले, डाव्या डोळ्यात भिंग बसवलंय,
मुलगा मस्कतला, त्याचा फोन शुक्रवारी.
आणि ओठांवर आला तो आकडा सात.
तोच. शेवंतीच्या वेळचा.
मी तो गिळला.
घरातलं माणूस उणं, नि बेरीज तेवढीच?
कारकुनानं कुठेतरी खाल्लेले असणार.

कारकून मीच होतो म्हणा.
चौतीस वर्षं पूर्णगडच्या बंदरात
भरतीच्या पाण्याची उंची लिहीत होतो.
धक्क्याला लाकडी पट्टी, तिच्यावर फूट नि इंच रंगवलेले.
एका आषाढात कुठलासा ओंडका वाहत आला
आणि पट्टी घेऊन गेला.
कचेरीला कळवलं. नवी येईस्तो तीन महिने
मी मनानेच आकडे भरले.
पुनवेला एवढं, अष्टमीच्या भांगाला एवढं,
खाडीला लोंढा असेल तर वर चार बोटं.
शेरा आला: नोंदी व्यवस्थित.

हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

पण अगदीच मनाने नव्हे हो.
धक्क्याच्या दगडांना कालवं धरलेली असतात,
त्यांची वरची रेघ बघायची.
उधाण तिच्यावर चढतं, सुकती तिला उघडी टाकते,
रेघ जिथल्या तिथे.
शेवंती गेली त्या साली मी धक्क्याकडे फिरकलोच नाही.
मग एकदा दाऊद होडेकर मुळे काढताना
कमरेपर्यंत चिखलात रुतला,
त्याची लुंगी तिथेच राहिली, तो वर आला,
आणि मी हसलो.
हसता हसता मागे वळलो, हिला सांगायला.
मागे नुसती खाडी.
तरी हसू लगेच थांबलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

सगळ्यांचं असं होतं असंही नाही.
दाऊदच्या बहिणीचं, खातूनचं, पाणी एकदा उतरलं ते उतरलंच.
आणि वरच्या आळीतले बिर्जे गुरुजी दर खेपेला शून्य सांगतात,
त्यानं पेन्शन वाढेल म्हणून.
घरी मात्र दुपारभर शीळ घालत असतात.

"काका?"
"साडेसहा चालेल?"
"पूर्ण आकडाच लागतो."
तेवढ्यात गडग्यापलीकडून दाऊदची हाक,
"पानी उतारला रे, येतोस का न्हाय?"
मी कोयती घेतली, परडी घेतली.
"सात लिही," म्हटलं. "पण पेन्सिलीनं."
ती हसली. पेननंच लिहिलंन.

शेवाळलेल्या पायऱ्या मी हल्ली बसत बसत उतरतो.
खाली गेल्यावर गुडघ्यांना विचारत नाही.
कालवं अजून दोघांपुरती फोडली जातात,
हाताला तेच माप आहे.
दुसरा वाटा कधी मांजराला, कधी खातूनला.
आज त्या मुलीच्या डब्यात घातला.
"उद्यापर्यंत टिकतील का?" म्हणाली.
म्हटलं, आजच खा.