हिशेबात धरलेले दात

आवेरूमध्ये, कालव्याच्या काठी,
दुसऱ्या मजल्यावर आमचा दवाखाना आहे.
खाली अंड्याच्या बलकाची मिठाई विकतात,
वर आम्ही ती निस्तरतो,
असं डॉक्टर वालादारिश नव्या पेशंटला हमखास सांगतात.
हसत कोणी नाही. तोंडात कापूस असतो.

वही मी सांभाळते.
वहीत चौऱ्याऐंशी दात.
प्रत्येकाच्या मुळाचं टोक तीन मिलिमीटर कापलेलं,
उरलेल्या मुळात उलट्या बाजूने पांढरं सिमेंट भरलेलं,
सूक्ष्मदर्शकाखाली,
नखाच्या कोरीएवढ्या आरशात बघून.
टाके केसाहून बारीक. पाचव्या दिवशी निघतात.
हाड घाई करत नाही.
काळ्या डागाच्या काठाकाठाने ते आत येतं,
मिठागरात कडेकडेने मीठ धरतं तसं.

"शंभरात नव्वद बरे होतात,"
हे मी दाराआडून रोज ऐकते.
नव्वद कशातले?
वर्षानंतर जे फिल्म काढायला आले, त्यांच्यातले.
चौऱ्याऐंशीतले आले एकाहत्तर.
उरलेल्या तेरा दातांच्या मालकांना
मंगळवारी दुपारी, कॉफी झाल्यावर, मी फोन लावते
आणि दातांच्या कण्या करते.

एकजण लक्झेंबर्गला गेली, दात घेऊन.
एकीचा नवरा म्हणतो, झोपलीय.
तीन मंगळवार झाले, झोपलेलीच आहे.
आणि अदेरितु, मिठागरवाला,
वरचा पुढचा डावा,
दोनदा औषध भरूनही जो त्याच्या मुळावर उठला होता,
तो म्हणतो, "दुखत नाही, तर येऊ कशाला?
ऑगस्ट आहे, बाई. मीठ वर आलंय."

मग मीच गेले, सायकलवर.
तो लाकडी दाताळ्याने मीठ ओढत होता.
थांबला. मक्याच्या पावाचं कडक टोक
माझ्यासमोर त्याच दाताने तोडून खाल्लं.
खारट बोटाने ओठ वर केला, "बघा."
हिरडीवर एक पांढरी रेघ,
वहीवर पेन्सिल घसरल्यासारखी.
आतलं कसं दिसणार?

"जे बघितलं नाही, ते लिहायचं नाही,"
संध्याकाळी डॉक्टर म्हणाले.
त्याची ओळ कोरी राहिली.
पावाचं टोक कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

चौथ्या वर्षी तो आला. जानेवारीत,
मिठागरं पाण्याखाली होती, करायला काही नव्हतं.
फिल्मवर डाग होताच.
लहानसा, तिरका, मुळापासून थोडा दूर सरकलेला.
"हाड नाही, व्रण आहे," डॉक्टर म्हणाले,
"आमच्यात याला बरं झालंच म्हणतात."
अदेरितुने बराच वेळ बघितलं.
"म्हणजे भरलं नाही, तरी भरलं?"
"हो."
"असू दे. आमच्याकडेही असतं असं."
काय असतं, ते त्याने सांगितलं नाही.
टोपी घालून जिना उतरला.

मी लिहिलं: यश. एकाहत्तराचे बहात्तर झाले.
टक्का कुठेतरी दशांशानंतर हलला.

सतराव्या ओळीत नाव नाही, दोन अक्षरं आहेत: दि. ब्रां.
खालची पहिली दाढ, उजवी.
उभी भेग, निळा रंग लावल्यावर दिसली,
तीही दुसऱ्या वर्षी, पुन्हा उघडल्यावर.
काढली.
दि. ब्रां. प्रत्येक तारखेला वेळेवर आली होती,
दिवा लावायलाही तीच,
वही उघडायलाही तीच.
तो आकडा मी माझ्या हाताने लिहिला,
अक्षर बिघडू दिलं नाही.

आज मंगळवार.
पलीकडे घंटी वाजतेय, जीभ त्या रिकाम्या जागेवर जाते,
चाचपते, परत येते.
कुणीतरी फोन उचलतं.

"हॅलो, दिओलिंदा बोलतेय, दवाखान्यातून.
नाही, नाही,
यायला दुखायलाच हवं, असं नाही."