प्रश्न चौथा, दहा गुण

नांदेड. मूल्यमापन केंद्र. कूलरमध्ये पाणी नाही,
तो नुसताच गरम वारा हलवतो आहे.
दिवसाला चाळीस पेपर. नावं नाहीत,
आसन क्रमांकावर बारकोडची पट्टी.

'युरोपातील मानवी हक्कांची देखरेख
व समान धोरणाच्या मर्यादा स्पष्ट करा.'
आदर्श उत्तरात पाच मुद्दे. सार्वभौमत्व. विलंब. सक्तीचा अभाव.
उरलेले दोन मलाही दर वेळी बघावे लागतात.

या एकाने, की एकीने, लिहिलंय:
शेहेचाळीस देशांनी मिळून नियम केला.
तुरुंग बघायला समिती येते. बहुतेकदा कळवून येते.
अहवाल छापायचा की नाही
हे ज्याचा तुरुंग त्याने ठरवायचं.

इथे निळी शाई संपते, काळी सुरू होते.

'आम्ही कंधारला वसतिगृहात होतो तेव्हा
तपासणीच्या आदल्या रात्री फरशी फिनाईलने पुसायचे.
सकाळी प्रत्येकी दोन केळी. नव्या बादल्या निघायच्या,
गाडी वळली की परत कुलपात.
बाई विचारायच्या, काही तक्रार?
वॉर्डन बाईंच्या मागं उभे असायचे.
आम्ही म्हणायचो, नाही.

अन् जो देश ऐकतच नाही त्याला बाहेर काढता येते.
पण भावकीनं घर वाळीत टाकलं
तर त्या घरातल्या सुनेची खबर कोण घेणार?
ही मर्यादा पुस्तकात नाही
म्हणून मी माझ्याकडून लिहिली आहे.'

शेजारच्या टेबलावरून गव्हाणे सर डोकावतात.
विषयांतर. तीन द्या, पुढे चला मॅडम.

तीन देते. पान उलटते, परत मागे येते.
कंधार. कोणतं साल असेल?
एका वर्षी जिल्ह्याच्या पथकात मीही होते.
रांग आठवते, चोपून तेल लावलेली डोकी,
आणि तो वास, जो साडीला घरापर्यंत आला.
मलाही एक केळं दिलं होतं. सालीवर काळे ठिपके,
आत गोड.
रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात असेल अजून:
समाधानकारक. खाली सही.

चौकटीतले तीन खोडून आठ करते.
खोडलं तर शेजारी सही लागते, असा नियम.
सही करते.
तीच सही. फक्त शाई लाल.