उणे एक दिवस

आपिया ते पागो पागो:
सव्वाशे किलोमीटर, थोडे इकडेतिकडे.
पस्तीस मिनिटं. पूर्वेचा वारा तोंडावर असला तर चाळीस.
फळ्यावर एवढंच लिहायचं असतं.
उरलेलं मी तोंडी सांगतो:
शनिवारी दोनला निघालात
की शुक्रवारी पावणेतीनच्या आत पोचाल.
पर्यटक हसतात, घड्याळाचा फोटो काढतात.
आमची माणसं चपला काढतात
आणि निमूट काट्यावर चढतात.

विमान छोटं, म्हणून माणसंही तोलावी लागतात,
मग त्यांचे बोजे: तारोचे कंद, भाजलेलं डुक्कर,
कुणाची तरी शिवणयंत्राची मोटर.
अकरा वर्षं झाली.
कुणाच्या लेकीला दिवस गेलेत
हे पाद्रीबुवांच्या आधी मला कळतं.

लेपेका बाई महिन्याला एक फेरी करायच्या.
एकसष्ट किलो. पुढे अठ्ठावन्न. मग त्रेपन्न.
मी आकडा लिहिला. बोललो नाही.

मुलगा पलीकडे, ट्यूनाच्या कारखान्यात.
फिलेमोनी. तीस डिसेंबरचा जन्म.
सरकारनं दिनरेषेची बाजू बदलली त्या साली
आमच्याकडे एकोणतीसनंतर एकदम एकतीस उजाडली.
बाई म्हणाल्या, बरंच झालं की,
पोरगा तिकडे, त्याचा दिवसही तिकडे.

मंगळवारी पहाटे त्या गेल्या.
फोन लागला तेव्हा मुलाकडे सोमवार होता.

काल, म्हणजे माझ्या शनिवारी,
सकाळी दहाला त्यांना घरासमोरच पुरलं,
भिंतीपासून चार पावलांवर, आमच्या रीतीनं.
दुपारी तो काट्यावर उभा,
काखेत बारीक विणीची चटई गुंडाळलेली,
नखांत अजून माती.
म्हणाला, परवा बोललो होतो तिच्याशी.
आणि मला कळेना त्याचा परवा
कुठून मोजायचा.

चटईसकट एक्क्याण्णव, मी म्हणालो.
तो उतरेना.
"निघताना दर वेळी म्हणायची,
फिले, मला अंतर देऊ नकोस.
आणि मी दिलं काय?
सव्वाशे किलोमीटर."

मागे रांग. कुणाचं तरी कोंबडं खोक्यात फडफडतंय.

"आता उतरेन तेव्हा शुक्रवार.
म्हणजे तिला अजून पुरलेलं नाही.
उद्या पुन्हा शनिवार, पुन्हा दहा वाजणार.
शनिवारी जादा पाळी असते आमची.
दहा वाजता मी काय करू?"

माझ्या तक्त्यात रकाने चार:
नाव, वजन, बोजा, आसन.
मी म्हणालो, खिडकीजवळची देतो.
दुसरं काही सुचलं नाही. खरंच नाही सुचलं.

आज रविवार. पांढरा सदरा, पांढरी लुंगी,
देवळात तिसरं भजन चाललेलं,
मी खालच्या पट्टीत, नेहमीच्या जागी.
समोरच्या भिंतीवर दहाला दोन मिनिटं कमी.
तेवढ्यात ध्यानात आलं,
घड्याळ तिकडेही हेच वाजवतंय,
फक्त वार वेगळा.

माझी ओळ चुकली.
शेजारच्या इओसेफोनं कोपरानं ढोसलं,
पुस्तकात बोट ठेवून जागा दाखवली.
मला जागा माहीत होती.
मी मासे कापणाऱ्या पट्ट्याशी उभ्या
एका माणसाचे हात बघत होतो,
ते थांबतात का.