मानशीच्या खोलीत

या यंत्राला तयार काहीच मिळत नाही आता.
बत्तीस बिटांचं, शेतकरी संघाच्या कपाटातून काढलेलं,
'र' दोनदा दाबावा लागतो.
म्हणून मूळच आणलं, सोर्स,
पेनड्राइव्हवर, रायबंदरहून शेवटच्या फेरीबोटीने:
नऊ एमबीचं गाठोडं,
आत चारशे फायली आणि एक चिठ्ठी,
आधी मला वाचा.

वाचली.
तळाशी लिहिलंय, जसं आहे तसं आहे,
कसलीच हमी नाही.
इतकं सरळ
माझ्या लग्नाच्या बोलणीतही कुणी बोललं नव्हतं.

बाहेर इनास बसलाय, जाळ्याची दोरी पायाच्या अंगठ्याला.
ओहोटी लागली की मानशीची दारं आपली आपण उघडतात,
खाजनातलं पाणी मांडवीकडे धावतं
आणि सुंगटं जाळ्यात.
'जालें?'
अजून तपासतंय, मी म्हणते.

कंपायलर आहे? आहे.
गणिताची लायब्ररी? आहे.
सिरीयल पोर्टाची?
नाही.
मग तीही मुळापासून,
आणि तिला हवी आणखी एक,
तीही अकरा वर्षांपूर्वीचीच,
नवी दाखवली तर तोंड फिरवते.
सिग्नल खिडकीच्या फक्त डाव्या कोपऱ्यात.
फोन धरलेला हात बाहेर काढून उभी राहते,
डास त्याचा हिशेब घेतात.

साडेदहाला मेक दिलं.
ओळी धावू लागल्या.
इनास आत आला, चिखलाचे पाय दारातच ठेवून वाकला.
'हें सगळें कोणें बरयलां?'
नावं वाचून दाखवली.
एकाच्या अक्षरांवर टिंबं आहेत, मला उच्चारता येईना.
एकाला नावच नाही, नुसती दोन अक्षरं आणि आकडा.
'दुडू?'
नाही, कुणी देत नाही.
तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
'बांदाक अशेच येताले पयलीं.
घरा फाटल्यान एक मनीस. पेज दिली की पुरो.
आतां टेंडर.'

एकाहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
बॅटरी केव्हाच मेलेली.
अंधारात फक्त पाणी, फळ्यांच्या फटीतून.
वीज आली तेव्हा मी शिव्यांची तयारी केली होती,
पण मेकने विचारलंही नाही,
झालेलं झालेलं धरलं
आणि उरलेल्यापासून लागलं कामाला.

चाचण्या एकेचाळीस. चाळीस पास.
नापास ती: शून्याखालचं पाणी.
कोड उघडला.
तिथे कुणीतरी लिहून ठेवलेलं,
उणे आकड्यांचं नंतर बघू.
तारीख वाचली. तेव्हा मी आठवीत होते.

'शून्य खंय धरलां तुमी?' इनासने विचारलं.
मला सांगता येईना.
त्याने टॉर्च घेतला, मला मानशीपाशी नेलं,
जांभ्याच्या खांबावर बोट ठेवलं:
बोटभर खाच, कोयत्याची,
त्याच्या बापाने घातलेली.
याच्या वर आलं तर शेताला धोका.
खाली, ते नदीचं.

एक ओळ बदलली. एक चिन्ह.
पुन्हा मेक.
मग बसवायला परवानगी हवी, मालकाची,
आणि मालकाचा पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला,
भाताच्या खळीने.
बसली.
तरी सापडेना.
आहे म्हणते, नाही म्हणतो.
अर्धा तास गेला तेव्हा कळलं,
घर बांधलं तरी पत्ता लावावा लागतो,
कुणाला तरी सांगावं लागतं
की ही इथे राहायला आली.

पावणेतीनला पहिला आकडा उमटला.
उणे चार.
मी ओरडलेच.
इनासने दोरी सोडली नाही,
टॉर्च खाचेवर मारला, डोळे बारीक केले.
'चार न्हय,' म्हणाला. 'पांच.'

मी परत आत गेले.
फाइल उघडीच होती.
मागे भरती लागली असावी,
मानशीची दारं
एकामागून एक
धप्प करून मिटली.